स्टॅन्ली प्रूसिनर यांच्या कारकिर्दीतून नव्या संशोधकाने नेमके काय घ्यावे?

पानगळ (मूळ प्रश्न)

मी जीवरसायनशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण नुकतेच पूर्ण केले असून मेंदूचा हळूहळू ऱ्हास करणाऱ्या आजारांपैकी, म्हणजे अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन आणि प्रायॉनमुळे होणारे आजार यांपैकी एखाद्यावर पीएच.डी. करावी, असा माझा विचार चालला आहे. त्या तयारीत स्टॅन्ली प्रूसिनर यांच्या कारकिर्दीविषयी जे जे हाती लागले ते वाचून काढले. बहुतेक ठिकाणी ती गोष्ट एकाच ठशात सांगितलेली आढळते. १९७२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात हा तरुण डॉक्टर न्यूरॉलॉजीचे प्रशिक्षण घेत असताना क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराची एक रुग्ण त्याच्या देखरेखीखाली येते आणि खंगत जाऊन दगावते; हा आजार ‘मंद विषाणू’मुळे होतो असे सांगितले जाते, पण तो विषाणू कोणीच पाहिलेला नसतो; १९७४ मध्ये तो स्वतःची प्रयोगशाळा थाटतो; १९८२ मध्ये ‘हा विषाणू नव्हेच, संसर्ग पसरवणारे हे प्रथिन आहे’ असे मांडून त्याला ‘प्रायॉन’ हे नाव देतो; जाणकार त्याच्यावर तुटून पडतात; आणि १९९७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक, तेही कोणाबरोबर वाटून न घेता, त्याला मिळते.

ही गोष्ट वाचताना उत्साह वाटतो हे खरे, पण तिच्यातून मला करायचे काय ते मात्र कळत नाही. ‘आपल्या कल्पनेवर ठाम राहा’ एवढेच तात्पर्य असेल तर ते ज्यांच्या कल्पना चुकीच्या ठरल्या त्यांनाही तितकेच लागू पडते. तेही ठामच होते. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की प्रूसिनर यांच्या यशात निर्णायक गोष्ट कोणती होती? दुसरा अधिक व्यावहारिक आहे: हे आजार माणसाच्या मेंदूत दहा, वीस, कधी तीस वर्षे घेत वाढतात आणि पीएच.डी. पाच-सहा वर्षांत आटोपायची असते. मग या विषयात कारकीर्द करणारी माणसे या दोन कालमानांचा मेळ घालतात तरी कसा? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

प्रथिनांच्या गुठळ्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षे काढली आहेत, त्या आधारावर लिहितो. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर एका शब्दाचे आहे: हॅमस्टर.

हे थट्टेने म्हणत नाही. १९७०च्या दशकातील परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. मेंढ्यांना होणारा स्क्रेपी हा आजार उंदरांच्या मेंदूत टोचून पुढे नेता येत होता, परंतु ऊतींच्या एखाद्या अर्कात संसर्गकारक द्रव्य किती आहे हे मोजण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता. तो अर्क दहादहा पटींनी विरळ करत जायचे, प्रत्येक पातळीचा द्रव वेगवेगळ्या उंदरांच्या मेंदूत टोचायचा आणि कोणत्या पातळीपर्यंतचे उंदीर आजारी पडतात याची वाट पाहायची. एका नमुन्यासाठी सुमारे साठ उंदीर आणि जवळजवळ एक वर्ष, असा तो हिशोब होता. आता शुद्धीकरणाचे काम कसे चालते ते तुम्हाला ठाऊकच आहे. अर्क फिरवायचा, वरचा द्रव आणि खालचा साका वेगळा करायचा, द्रव्य कशात गेले ते मोजायचे आणि मग पुढची पायरी ठरवायची. एकेका मोजणीला वर्ष लागत असेल तर दहा पायऱ्यांचे शुद्धीकरण म्हणजे दहा वर्षे झाली, आणि सातव्या पायरीवर चूक सापडली तर निवृत्तीचे वय जवळ आले असे समजावे. प्रूसिनर यांनी सुरुवातीला मोंटानातील हॅमिल्टन येथे विल्यम हॅडलो आणि कार्ल एक्लंड यांच्या सहकार्याने याच पद्धतीने काम केले होते, त्यामुळे या अडचणीची त्यांना पुरेपूर कल्पना होती.

हॅमस्टरमध्ये हा आजार सुमारे सत्तर दिवसांतच प्रकट होतो, हे रिचर्ड मार्श आणि रिचर्ड किंबरलिन यांनी १९७५ मध्ये दाखवले. ते श्रेय प्रूसिनर यांचे नाही. त्यांचा वाटा त्यापुढचा आहे. टोचलेली मात्रा जितकी मोठी तितका अधिशयन काळ (टोचल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) कमी, हा संबंध त्यांच्या गटाने इतका काटेकोरपणे बसवला, की नमुना विरळ करत जाण्याची गरजच उरली नाही. चार हॅमस्टरना टोचायचे, ते कितव्या दिवशी आजारी पडतात ते पाहायचे आणि त्यावरून मात्रा काढायची. साठ प्राणी आणि एक वर्ष यांच्या जागी चार प्राणी आणि सुमारे दोन महिने आले. कामाचा वेग जवळजवळ शंभर पटींनी वाढला असे ते स्वतः सांगत आले आहेत, आणि प्राण्यांचा व दिवसांचा गुणाकार करून पाहिला तर तो दावा अतिशयोक्त वाटत नाही.

हा वेग हाती आल्यावरच १९८२चा शोधनिबंध शक्य झाला. त्यात मांडलेला पुरावा तसा साधा आहे: न्यूक्लिक आम्लाची (विषाणूला ज्यावाचून चालत नाही त्या डीएनए किंवा आरएनएची) नासधूस करणाऱ्या उपायांनी संसर्गशक्ती टिकून राहते आणि प्रथिनाची नासधूस करणाऱ्या उपायांनी ती घटते. असा तक्ता तयार करायला कित्येक मोजण्या लागतात. जुन्या पद्धतीने तो तक्ता त्यांच्या हयातीत पुरा झाला असता की नाही, शंकाच आहे. त्याच वर्षी संसर्गाबरोबर शुद्ध होत जाणारे एक प्रथिन त्यांच्या गटाला सापडले, १९८४ मध्ये लेरॉय हुड यांच्या मदतीने त्याच्या एका टोकाकडील अमिनो आम्लांचा क्रम कळला आणि त्या क्रमाच्या आधारे १९८५ मध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाबरोबर त्याचे जनुक हाती आले. इथे गंमत अशी झाली, की ते जनुक कोणा आगंतुकाचे नसून प्राण्याचे स्वतःचेच निघाले आणि निरोगी मेंदूतही ते तितकेच कार्यरत आढळले. कल्पना मोडीत निघाली असे क्षणभर वाटावे असा तो निकाल होता. पण त्यातूनच आजचे चित्र उभे राहिले: प्रथिन तेच असते, त्याची घडी बदलते, आणि बिघडलेल्या घडीचा रेणू चांगल्या रेणूला आपल्यासारखे करून घेतो.

ठामपणाला मी कमी लेखत नाही. मधल्या काळात संशोधनाला निधी देणाऱ्या हॉवर्ड ह्यूजेस संस्थेचे पाठबळ थांबले आणि विद्यापीठाकडून कायम पदावर बढती मिळणार नाही असे त्यांना कळवण्यात आले होते. तो निर्णय नंतर फिरला. त्या दिवसांत टिकून राहायला धीर लागतोच. मात्र तो धीर निष्फळ ठरला नाही, याचे कारण त्यांच्या हातात दर दोन महिन्यांनी एक नवा आकडा येत होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही माझ्या मते हेच अर्धे उत्तर आहे.

तळटीप

वरील प्रतिसादाशी बऱ्याच अंशी सहमत असूनही इतिहासाची बाजू थोडी नीट लावावीशी वाटते, कारण ‘एकटा विरुद्ध सारे’ हा ठसा दोन्ही बाजूंवर अन्याय करतो.

कल्पना नवी नव्हती. टिक्वा आल्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात लंडनमध्ये स्क्रेपीच्या द्रव्यावर किरणोत्सर्गाचे आणि अतिनील प्रकाशाचे प्रयोग करून दाखवले होते, की हे द्रव्य ज्ञात विषाणूंपेक्षा फारच लहान असावे आणि न्यूक्लिक आम्लाला मारक ठरणाऱ्या तरंगलांबीला ते दाद देत नाही. १९६७ मध्ये गणिताची पार्श्वभूमी असलेल्या जे. एस. ग्रिफिथ यांनी, प्रथिन स्वतःच्या प्रती कशा घडवू शकेल याच्या तीन शक्यता कागदावर मांडल्या होत्या. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये आढळणारा कुरू हा मेंदूचा आजार आणि मेंढ्यांचा स्क्रेपी यांतील मेंदूचे बदल विलक्षण सारखे आहेत हे पशुवैद्यक हॅडलो यांनी एका पत्राद्वारे ‘लॅन्सेट’मध्ये निदर्शनास आणले होते, म्हणजे ज्यांच्याबरोबर प्रूसिनर यांनी पुढे काम केले तेच हॅडलो. त्या पत्रामुळे कार्लटन गायडुशेक यांनी चिंपांझींना कुरूग्रस्त मेंदूचा अर्क टोचून वर्षानुवर्षे वाट पाहिली, १९६६ मध्ये तो आजार संक्रमित होतो हे जाहीर केले आणि १९७६ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. त्यांनी मात्र अखेरपर्यंत वाट पाहण्याचाच मार्ग धरला होता. सूक्ष्मदर्शी यांचा मुद्दा या तुलनेत उलट अधिक स्पष्ट होतो.

दुसरे म्हणजे विरोधकांनी नुसती आरडाओरड केली नाही, त्यांनी योग्य मागण्या केल्या. ‘हे प्रथिन नसेल तर आजार होत नाही, हे दाखवा’ ही एक मागणी होती. ती १९९३ मध्ये पुरी झाली, जेव्हा वाइसमान यांच्या गटाने ते जनुक काढून टाकलेले उंदीर वापरले आणि त्या उंदरांना स्क्रेपी टोचूनही काही झाले नाही. त्यावरही आक्षेप आला, की प्रथिन हे विषाणूला पेशीत शिरण्याचे दार असेल तरी हाच निकाल मिळेल. तर्काच्या दृष्टीने तो आक्षेप बिनतोड होता. म्हणून मग परीक्षानळीत, कोणत्याही आजारी ऊतीचा स्पर्श न होता, बनवलेल्या प्रथिनाने आजार उत्पन्न करून दाखवणे भाग पडले. २००४ मध्ये प्रूसिनर यांच्या गटाने तसा प्रयोग केला, पण त्यातील उंदरांमध्ये ते प्रथिन मुळातच प्रमाणाबाहेर तयार होत होते, म्हणून शंका राहिली. २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने साध्या उंदरांमध्ये ते करून दाखवले. याचा अर्थ नोबेल १९९७ मध्ये मिळाले तेव्हा पुराव्याची साखळी पुरी झालेली नव्हती. ब्रिटनमधील गुरांच्या ‘मॅड काऊ’ या प्रायॉनच्या आजाराने, आणि तो माणसांत उतरल्याच्या मार्च १९९६ मधील घोषणेने, साऱ्या जगाचे लक्ष या विषयाकडे लागले होते हेही विसरून चालणार नाही.

येल विद्यापीठातील लॉरा मानुएलिडिस यांनी विषाणूची बाजू त्यानंतरही दीर्घकाळ लावून धरली. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, पण त्यांचे निबंध वाचले म्हणून प्रूसिनर यांचे निबंध मला अधिक नीट समजले.

दुसरी पाळी

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. प्रयोगशाळेत फारशी रमले नाही, रुग्णांमध्ये रमले. त्यामुळे माझे उत्तर वेगळ्या बाजूने येत आहे.

हॅमस्टर आणून वेळ वाचवता येतो तो फक्त जिथे प्राण्यात खराखुरा आजार होतो तिथे. प्रायॉनच्या बाबतीत हे भाग्य लाभले. अल्झायमरच्या बाबतीत उंदरांमध्ये आपण मानवी जनुके घालून गुठळ्या तयार करतो आणि औषधाने त्या नाहीशा झाल्या की आनंद मानतो. पण तो उंदीर म्हणजे अल्झायमर झालेली व्यक्ती नव्हे, हे औषधांच्या चाचण्या एकामागून एक फसल्यावर आम्हाला चांगलेच उमगले आहे. मग माणसाच्या बाबतीत वेळ कसा कमवायचा? ज्यांना आजार होणार हे आधीच ठाऊक आहे आणि तो साधारण कोणत्या वयात होणार हेही ठाऊक आहे, अशा कुटुंबांकडे जायचे. या मार्गाने गेलेल्या दोन कारकिर्दी तुम्ही अवश्य अभ्यासा.

पहिली नॅन्सी वेक्सलर यांची. त्या प्रशिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या आईला १९६८ मध्ये हंटिंग्टनचे निदान झाले, म्हणजे त्यांना स्वतःला हा आजार होण्याची शक्यता निम्मी होती. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये हा आजार असलेले एक अवाढव्य कुळ राहते; १९७९ पासून पुढची दोन दशके त्या वर्षानुवर्षे तिथे जात राहिल्या, वंशवृक्ष जोडत आणि रक्ताचे नमुने घेत राहिल्या. त्या नमुन्यांच्या आधारे जेम्स गुसेला यांच्या गटाने १९८३ मध्ये जनुकाचा ठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर आहे हे शोधले. जनुक सापडायला मात्र १९९३ उजाडले. पत्ता कळला तरी घर सापडायला दहा वर्षे लागली. २०२० मध्ये आपल्यालाही हा आजार असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

दुसरी फ्रान्सिस्को लोपेरा यांची, आणि हिच्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण ती फारशी सांगितली जात नाही. कोलंबियातील मेदेयिन शहरात १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात, ऐन चाळिशीत विस्मरण सुरू झालेला एक रुग्ण या तरुण डॉक्टरांनी पाहिला. त्याच्या वडिलांनाही तसेच झाले होते, आजोबांनाही. लोपेरा यांनी आंतिओकिया प्रांतातील डोंगराळ गावांमध्ये जाऊन घरोघरी चौकशी केली, चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून पिढ्या मागे नेल्या आणि सशस्त्र संघर्ष पेटलेला असतानाही हे फिरणे चालू ठेवले. १९९० च्या दशकाच्या मध्यास उलगडा झाला: प्रेसेनिलिन-१ या जनुकातील एकाच बदलामुळे प्रथिनाच्या २८० व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी अलॅनिन येते आणि तो बदल ज्यांच्यात आहे त्यांना सरासरी ४४ व्या वर्षाच्या आसपास पहिली लक्षणे, तर ४९ च्या आसपास पूर्ण स्मृतिभ्रंश गाठतो. विस्तारित कुळ सुमारे ६,००० जणांचे आहे. एकाच जनुकीय बदलामुळे लवकर अल्झायमर होणारा एवढा मोठा समूह जगात दुसरा ज्ञात नाही.

अशा समूहात, आजार व्हायच्या आधीच औषध देऊन पाहता येते. ती चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. २५२ जण सहभागी झाले, आणि त्यांत जनुकीय बदल नसलेल्यांनाही मुद्दाम घेतले होते, कारण तसे केले नसते तर नुसत्या सहभागावरूनच प्रत्येकाला आपले भवितव्य कळून चुकले असते. नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, निकाल आला: औषधाचा ठोस उपयोग दिसला नाही. एका संशोधकाच्या आयुष्यातली नऊ वर्षे, आणि त्या कुटुंबांच्या आयुष्यातली तर किती तरी अधिक.

पण त्याच काळात, त्याच कुळातील एक स्त्री सत्तरी ओलांडेपर्यंत जवळजवळ शाबूत राहिलेली आढळली. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिने साचतात; तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर साचले होते, टाऊ मात्र त्या मानाने कमी पसरले होते आणि तिच्याकडे अपोई या जनुकाच्या एका दुर्मीळ प्रकाराच्या दोन प्रती होत्या. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमायलॉइडपासून टाऊपर्यंतचा दुवा तोडता येईल का, या प्रश्नाला त्यामुळे नवे वळण लागले. फसलेल्या चाचणीच्या योजनेत हे कुठेही लिहिलेले नव्हते. शेकडो माणसांची वर्षानुवर्षे विचारपूस केल्यामुळेच वेगळी असलेली एक व्यक्ती नजरेत भरली. लोपेरा २०२४ मध्ये वारले. त्यांनी उभारलेली मेंदूंची पेढी, म्हणजे दात्यांच्या कुटुंबीयांनी मृत्यूनंतर सोपवलेले मेंदू, आता पुढच्या पिढीच्या हाती आहे.

थोडक्यात, तुमची पाच वर्षे कोणी तरी आधी घालवलेल्या तीस वर्षांच्या शेवटी जोडता येतात का, ते पाहा. मेंदूंच्या पेढ्या आणि दीर्घकाळ चाललेले कुटुंबांचे अभ्यास यांचा खरा उपयोग हा आहे, आणि तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी कमी पडतात, नमुने नव्हे.

पानगळ

तिघांचेही मनापासून आभार. हॅमस्टरची बाब मी वाचली होती, पण ती मला तपशील वाटली होती. तिच्यावर सारा डोलारा उभा आहे हे ध्यानात आले नव्हते. पुढे तीन शंका आहेत. आजच्या घडीला हॅमस्टरच्या जागी काय आहे? अल्झायमरवरील २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला, त्यामुळे अमायलॉइडचे अख्खे क्षेत्रच पोकळ आहे असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य किती? आणि तिसरी शंका घरच्यांची आहे: प्रायॉनच्या प्रयोगशाळेत काम करणे सुरक्षित असते का?

सूक्ष्मदर्शी

क्रमाने उत्तरे देतो; दुसऱ्या शंकेचे लवकर आटोपते. मागे घेतलेला निबंध उंदरांमधील अमायलॉइडच्या एका विशिष्ट छोट्या गुठळीविषयी होता. त्यातील चित्रांमध्ये फेरफार झाल्याचे आढळले आणि त्या गुठळीच्या मागे लागलेल्यांचा वेळ वाया गेला, हे खरे आणि संतापजनक आहे. परंतु अमायलॉइडची कल्पना त्या निबंधावर उभी नव्हती. ती उभी आहे ती १९९१ मध्ये अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाच्या जनुकात सापडलेल्या दोषावर, १९९५ मध्ये सापडलेल्या प्रेसेनिलिनच्या दोषांवर, आणि २०१२ मध्ये आइसलंडमधील लोकांत आढळलेल्या, अमायलॉइड कमी करून अल्झायमरपासून बचाव करणाऱ्या एका जनुकीय बदलावर. अमायलॉइड आजाराच्या मुळाशी आहे आणि तरीही लक्षणे दिसू लागल्यावर ते काढून फारसा लाभ होत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अमायलॉइड काढणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने अठरा महिन्यांत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. अठरा अंकांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या अंकाहूनही कमी भरतो.

आता पहिली शंका. आजचे हॅमस्टर परीक्षानळीत आहेत. बिघडलेल्या प्रथिनाचा अत्यल्प अंश चांगल्या प्रथिनाच्या द्रावणात टाकून ते हलवत राहिले, की घडी बदलण्याची साखळी सुरू होते आणि चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे ती यंत्रावर दिसते. क्रॉइट्झफेल्ट-याकोबचे निदान मणक्यातील पाण्यावरून आता या पद्धतीने काही दिवसांत होते. पार्किन्सनमधील अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनासाठी हीच युक्ती वापरून २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखता आले. अल्झायमरसाठी मेंदूतील अमायलॉइड दाखवणारे पेट स्कॅन २००४ पासून आहेत आणि आता रक्तातील टाऊचे विशिष्ट रूप मोजता येते. चेतापेशी तुटू लागल्या की त्यांच्या सांगाड्याचे जे तुकडे रक्तात उतरतात तेही मोजता येतात.

मात्र वेगवान मोजणीचा एक सापळा आहे आणि तो मी पहिल्या प्रतिसादात सांगायला हवा होता. प्रूसिनर यांचे हॅमस्टर खरोखर आजारी पडत होते. तिथे जे मोजले जात होते तो आजारच होता. आजचे बायोमार्कर, म्हणजे रक्तातील किंवा स्कॅनमधील आजाराच्या खुणा, आजाराची सावली मोजतात. त्यामुळे कधी कधी काय होते ते पाहा. अल्झायमरवरील अडुकानुमॅब या औषधाने मेंदूतील अमायलॉइड हटवले, तेवढ्यावर २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली, सल्लागार समितीचे मत विरुद्ध असतानाही. रुग्णांना लाभ होतो की नाही हा वाद मिटला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केले. याउलट टोफेरसेन घ्या. एसओडी-१ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या एएलएसवरील (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींच्या ऱ्हासाच्या आजारावरील) या औषधाची २८ आठवड्यांची चाचणी मुख्य निकषावर अपयशी ठरली, पण रक्तातील चेतापेशींचे तुकडे मात्र स्पष्टपणे घटले. त्या आकड्याच्या आधारे २०२३ मध्ये त्याला सशर्त मंजुरी मिळाली आणि ज्यांनी ते आधी सुरू केले त्यांची घसरण पुढे मंदावलेली दिसली. दोन्हींत सावलीच मोजली होती. एका वेळी ती शरीराला धरून होती, एका वेळी तसे सिद्ध करता आले नाही.

म्हणून प्रयोगशाळा निवडताना दोन गोष्टी विचारा. नमुना हाती आल्यापासून विश्वासार्ह आकडा मिळेपर्यंत किती दिवस लागतात, आणि तो आकडा बदलला म्हणजे आजार बदलला हे त्यांनी स्वतः कधी तपासले आहे का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका. बिनधास्त उत्तर आले तर मात्र सावध व्हा. मी स्वतः उमेदीच्या काळात पावणेदोन वर्षे एका प्रतिपिंडावर (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या अँटिबॉडीवर) विसंबून सुंदर चित्रे काढत होतो. ते प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाही चिकटते हे कळले तेव्हा दोन प्रकरणे कचऱ्यात गेली. तपासणी पहिल्या महिन्यात करता आली असती. ती चार दिवसांची होती.

दुसरी पाळी

सुरक्षेविषयी मी लिहिते, कारण हा प्रश्न घरच्यांची भीती म्हणून सोडून देण्यासारखा नाही. प्रायॉन उकळण्याने किंवा फॉर्मॅलिनने निकामी होत नाहीत. त्यासाठी १३४ अंश सेल्सिअसवर दाबाखालची वाफ किंवा एक नॉर्मल तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड तासभर, असे कडक उपाय लागतात. फ्रान्समध्ये २०१० साली प्रयोगशाळेत काम करताना हाताला इजा झालेली एक तरुण तंत्रज्ञ २०१९ मध्ये प्रायॉनच्या आजाराने दगावली, आणि २०२१ मध्ये तेथील सार्वजनिक संशोधन संस्थांनी प्रायॉनवरील काम काही महिने थांबवून नियमांची फेरतपासणी केली. मधली नऊ वर्षे लक्षात घ्या: इजा झाली त्या दिवशी काहीच दिसत नाही. हवेतून किंवा नुसत्या वावराने हा आजार होत नाही; धोका असतो तो टोचण्याचा आणि कापण्याचा. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा धारदार उपकरणे कितपत टाळली जातात, कापू न देणारे हातमोजे सक्तीचे आहेत का आणि इजा झाल्यास पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे हे भिंतीवर लिहिलेले आहे का, ते पाहून या. उंदरांसाठी अनुकूल झालेले प्रायॉन वापरणाऱ्या गटात जोखीम त्या मानाने कमी असते आणि बहुतेक मूलभूत प्रश्न त्यांवरच सुटतात.

तळटीप

चर्चेशी संबंधित एक दुरुस्ती, जी आपण सर्वांनीच करायला हवी. हा शब्द घडवताना प्रूसिनर यांनी त्याचा उच्चार ‘प्रीऑन’ असा करावा असे सांगितले होते. ‘प्रायॉन’ असा उच्चार होतो तो दक्षिणेकडील समुद्रांवर आढळणाऱ्या एका पक्ष्याचा, ज्याचे इंग्रजी स्पेलिंग नेमके तेच आहे. मराठीत उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सोय असल्यामुळे आपल्याला हा घोळ टाळता येण्यासारखा होता, आणि तरी वर जिथे जिथे हा शब्द आला आहे तिथे पक्ष्याचेच नाव लिहिले गेले आहे.